बाबांच्या पेन्शनीवर सुखाने कसे जगावे

पात्रता : वय तिशीपार, वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, स्वभाव मुळातच समाधानी. अनुभवाची अट नाही.

१. कारण निवडा. ‘नोकरी नाही’ असे कधीही म्हणू नये. ‘तयारी चालू आहे’ म्हणावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची खुल्या गटासाठीची ३२ वर्षांची मर्यादा उलटली तरी घाबरू नये, राज्य आयोगाकडे ३८ पर्यंत सवड असते. पुढे ‘बिझनेसचा विचार’ सुरू करावा. विचाराला वयोमर्यादा नाही.

२. तारखा पाठ करा. पेन्शन महिनाअखेरीस जमा होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला येते. मोबाइल नेमका जुलैत बिघडावा. जूनमध्ये बिघडला तर तुम्ही अजून नवखे आहात.

३. अर्ज आईमार्फत करा. बाबांकडे थेट मागणे हा उद्धटपणा. आईजवळ नुसते गप्प बसावे. रात्री भांडी आवरताना ती आपणहून म्हणेल, “द्या हो, कुठे बाहेर जातोय पैसा? घरातच आहे ना पोरगं.” पोरगं घरातच आहे, हीच तर बाबांची तक्रार असते, पण ती तिथे बोलली जात नाही.

४. घरखर्चाला हातभार लावा. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. तेव्हा गावचा सातबारा, चुलतभावाचे लग्न, आत्याचे आजारपण ही सगळी कामे बाबांकडे सोपवावीत. तुमच्या तिकिटाचे पैसे वाचतात.

५. पाहुण्यांना तोंड द्या. “आईबाबांकडे बघायला कुणीतरी हवं ना, म्हणून मी कुठे गेलो नाही,” हे वाक्य आईने वाढलेल्या पानावर बसून, दुसरी पोळी मागता मागता म्हणावे.

६. नोव्हेंबर पाळा. वर्षातून एवढा एकच दिवस लवकर उठावे. हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना रिक्षाने बँकेत न्यावे (भाडे तेच देतील). यंत्रावर त्यांचा अंगठा उमटणार नाही. मग दुसरे बोट, तिसरे बोट. ठसे झिजलेत, असे कारकून सांगेल. कशाने झिजले, हा विषय तिथे काढू नये.

सावधगिरीची सूचना : ही योजना बाबांच्या हयातीपुरतीच आहे. त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळते. तिच्यानंतर धडधाकट मुलाचा हक्क केंद्राच्या नियमाप्रमाणे वयाच्या २५ व्या वर्षीच संपलेला असतो. तेव्हा दाखल्याच्या रांगेत बाबांचा हात धरून उभे असाल, तेव्हा एकदा स्वतःचेही वय मोजून घ्यावे.