फाइलीतून फ्लॉपीत

फ्लॉपीच्या कपाळावर छापलेला १.४४ एमबी हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही. ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. एमबी दहा लाखांचा धरला तर हे १.४७ झाले, संगणकवाल्यांचा १०,४८,५७६ चा धरला तर १.४१. १.४४ यायला एकदा १०२४ ने आणि एकदा हजाराने भागावं लागतं. हा हिशेब ज्याने बसवला त्याला दोन्हीकडच्या वऱ्हाडींनी लग्नाचा खर्च वाटून द्यायला बोलवायला हवं होतं. असल्या वस्तूवर माझा जीव आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सगळं शहाणं जग फ्लॉपीतलं काढून फाइलीत भरतं. मी फाइलीतलं काढून फ्लॉपीत भरतो. डिस्कची इमेज संगणकावर सुखरूप असते. तिला बुरशी लागत नाही, आणि मागाल तितक्या प्रती निघतात. तीच मी पुन्हा सव्वापाच इंची काळ्या पाकिटातल्या चकतीवर उतरवतो. अख्खी डिस्क ३६० केबीची. रोज सकाळी फोनवर येणारं सुप्रभातचं गुलाबाचं फूलसुद्धा याहून जड असतं.

“पण मामा,” भाची म्हणते (ती आयटीत आहे, त्यामुळे तिला या विषयातलं काही कळत नाही), “एम्युलेटरमध्ये चालतंय ना तुझं?”

चालतं. जॉन रोमेरोचा ‘डेंजरस डेव्ह’, १९८८ साली अ‍ॅपल टू साठी जन्मलेला आणि पुढे आमच्याकडच्या क्लासांत सर जेवायला गेले की हमखास प्रकट होणारा, एम्युलेटरमध्ये उत्तम पळतो. पण एम्युलेटरमध्ये ड्राइव्ह कण्हत नाही. डेव्ह येण्याआधीची ती घरघर, मग कटकट, मग आता येतो की ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ येतं ही धाकधूक. ती गेली तर उरलं काय? नुसता खेळ.

नव्वदच्या दशकात क्लासात पहिला आठवडा संगणक शिकवत नसत, शिस्त शिकवत. चपला बाहेर. एसी तुमच्यासाठी नाही, मशीनसाठी आहे. फ्लॉपी वाकवू नये, खिडकीतून दिसणाऱ्या चकतीला बोट लावू नये, चुंबक आसपास आणू नये, आणि लेबल एकदा चिकटवलं की त्यावर बॉलपेनने लिहू नये, कारण टोकाचा दाब थेट आतल्या चकतीवर जातो. हे सगळं आम्ही पाठ केलं. त्यातला चुंबकाचा नियम मी आता राजरोस मोडतो, कारण तो मोडल्याशिवाय माझं काम होत नाही.

झालं असं की मला मिळालेला ड्राइव्ह १.२ एमबीचा. तो डिस्कवर ८० ट्रॅक पाडतो, म्हणून त्याचं हेड बारीक. भंगारवाल्याने किलोच्या भावात दिलेल्या माझ्या जुन्या एक्सटी संगणकातला ड्राइव्ह ४० ट्रॅकवाला, रुंद हेडचा. बारीक हेडने जुन्या डिस्कवर लिहिलं की नवा मजकूर ट्रॅकच्या मधोमध जातो आणि जुना दोन्ही कडांना शिल्लक राहतो. पहिल्या भाडेकरूची पाटी न काढता दुसऱ्याने तिच्यावरच मध्ये बारीक अक्षरात आपलं नाव लिहावं, तसं. पोस्टमन दोघांचीही पत्रं परत पाठवणार. म्हणून आधी डिस्कवरून दणकट चुंबक फिरवून सगळं साफ करायचं. पहिल्यांदा फिरवताना हात थरथरला. सर आठवले.

बाजारात मिळणारा यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह इथे कामाचा नाही. तो साडेतीन इंची, आणि त्यालाही पीसीचे दोन-तीन नेहमीचे साचे सोडून दुसरं काही माहीत नसतं. अमिगाची ८८० केबीची डिस्क दिली की तो ती फॉरमॅट करू का विचारतो. जुन्या मॅकिंटॉशचा ड्राइव्ह तर कडेच्या ट्रॅकवर सावकाश फिरायचा आणि मध्याकडे येईल तसा वेग घ्यायचा. ते याच्या स्वप्नातही नाही. यावर उतारा म्हणजे कीर फ्रेझर यांचं ‘ग्रीजवीझल’ हे चिमुकलं सर्किट. ते सेक्टर-फायली असल्या मोठ्या गोष्टींत पडत नाही. चुंबकाची दिशा कधी पालटली, एवढंच मोजतं आणि तसंच पालटून लिहितं. त्याला ड्राइव्ह जोडायचा, ड्राइव्हला बारा व्होल्ट द्यायला जुना एसएमपीएस उघडायचा, आणि हे सारं जेवणाच्या टेबलावर मांडायचं. घरचे सध्या ओट्याशी उभ्याने जेवतात.

खरी बहार कॉपी प्रोटेक्शनची. १९८७ च्या ‘डंजन मास्टर’ची अटारी एसटीवरची डिस्क घ्या. तिच्यावर काही बिट मुद्दाम असे काठावर लिहिलेत की ड्राइव्हला ते एकदा शून्य दिसतात, एकदा एक. खेळ तो भाग पुन्हा पुन्हा वाचतो. दरवेळी तेच उत्तर आलं तर डिस्क नकली! उलटतपासणीत दरवेळी वेगळं सांगणारा साक्षीदारच इथे खरा. साध्या सेक्टरच्या नकलेत हा थरथराट उतरत नाही, आणि खेळ तुम्हाला चोर ठरवतो.

काही गोष्टी मात्र नको तितक्या इमानाने उतरतात. १९८६ चा ‘ब्रेन’ व्हायरस ३६० केबीच्या डिस्कच्या बूट सेक्टरातच मुक्काम करायचा. इमेजमध्ये तो असला तर डिस्कवरही येणारच. लाहोरच्या ज्या दोन भावांनी तो लिहिला त्यांनी आत आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर दिला होता. आजच्या भामट्यांत हा सभ्यपणा राहिलेला नाही.

“हे आता कोण वापरतं?” भाचीचा पुढचा प्रश्न. मी तयारीत होतो. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत होती. बोइंग ७४७-४०० मध्ये मार्गदर्शनाची माहिती फ्लॉपीने भरत. जपानचे तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांना सरकारी नियमांतून फ्लॉपी हटवायला २०२४ उजाडावं लागलं. “म्हणजे जपानसुद्धा सुटला,” ती म्हणाली, “तू कधी?”

तेवढ्यात लिहून झालं. चकती मिनिटाला ३६० फेरे घेते, त्यामुळे काम तसं झटपट होतं. वेळ खातात त्या जुन्या डिस्का. सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी करणं थांबवलं, आणि सव्वापाच इंचीला तर त्याआधीच कुणी वाली उरला नव्हता. त्यामुळे कुणाच्या तरी माळ्यावरची, पावसाळे पचवलेली डिस्क आयसोप्रोपिलने पुसून, बुरशी काढून घ्यावी लागते. पुसली नाही तर घाण हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या डिस्कही ओरबाडल्या जातात.

शेवटी मी लिहिलेली डिस्क पुन्हा वाचून तिची फाइल केली आणि ती मूळ फाइलीशी ताडून पाहिली. दोघींत एका बाइटचाही फरक नाही. मी भाचीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“म्हणजे जी फाइल होती तीच फाइल आली?”

“तीच.”

तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग डिस्क एक्सटीत घातली, ड्राइव्हची खटकी खाली केली. घरघर. कटकट. डेव्ह आला. पहिल्याच उडीत तिने त्याला आगीत घातलं, दुसऱ्यात पाण्यात, आणि “अजून एकदा, अजून एकदा” करत रात्रीचं जेवण चुकवलं. तसंही टेबल मोकळं नव्हतंच.

उठताना तिने डिस्क बाहेर काढली, माझ्याकडून लेबल मागून घेतलं आणि अगदी सरळ रेषेत चिकटवलं.

“थांब मामा, नाव मी लिहिते,” ती म्हणाली, आणि खिशातून बॉलपेन काढलं.