पुलावर उतरण्याची कारणमीमांसा

कोकणातील नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि मुंबई-गोवा महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, त्यामुळे सायकलस्वाराच्या दृष्टीने हा मार्ग म्हणजे घाट उतरणे, पूल ओलांडणे आणि लगेच पुढच्या चढाला लागणे ही एकच शिक्षा सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना अशा निरनिराळ्या नावांनी भोगणे होय. पूल आला की सायकलवरून उतरून, हँडल हाती धरून तो पायी ओलांडण्याची जी प्रथा काही हौशी सायकलस्वारांत आढळते, तिचे मूळ या भूगोलात आहे. प्रस्तुत लेखकाने मात्र ते स्थापत्यशास्त्राच्या आवडीत असल्याचे घरी, दारी आणि विशेषतः मागून येऊन पुढे निघून जाणाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितले आहे.

हा दावा तपासणे अवघड नाही. जिज्ञासा अस्सल असती तर ती सकाळच्या पहिल्या पुलावरही जागी झाली असती. प्रत्यक्षात ती ऐंशीएक किलोमीटरनंतर, आणि पलीकडे चढ दिसत असेल तरच, उचंबळून येते. ‘बीआरएम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पॅरिसच्या ओदॅक्स क्लबचे नियम पाळणाऱ्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत तर तिला फारच कमी वाव मिळतो, कारण तेथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवून वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यावे लागतात, आणि चहा, पंक्चर व विद्वत्ता यांसाठी घड्याळ थांबत नाही. या फेऱ्या शर्यती नसतात, त्यांत क्रमांक लावले जात नाहीत, हे वाक्य सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्याच्या तोंडी सर्वाधिक वेळा येते, असे लेखकाचे स्वतःविषयीचे निरीक्षण आहे.

येथे पुलाच्या सांध्याविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही, तरीही लिहिले जाईल. उन्हाने पूल लांबतो व थंडीत आखडतो. शंभर मीटर लांबीचे पोलाद तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे ३६ मिलिमीटर वाढते, आणि या वाढीला जागा मिळावी म्हणून पुलाच्या दोन तुकड्यांमध्ये जी फट राखलेली असते तिला प्रसरण सांधा म्हणतात. सायकलवरून जाणाऱ्याला त्याची ओळख केवळ मणक्यात बसणाऱ्या दणक्याने होते. चालणाऱ्याला मात्र सांध्याच्या रबरात रुतलेली खडी, बाटलीचे बूच, कधी कठड्याच्या भेगेतून डोकावणारे दोन पानांचे पिंपळाचे रोप दिसते, आणि ट्रक आला की आधी सांध्यावर ‘धडाड’, मग तळव्यांतून वर चढणारी थरथर व शेवटी कठड्यावर ठेवलेल्या बोटांना जाणवणारी गुणगुण असा पुलाचा सारा देह क्रमाने कळतो. मोटारीतल्या माणसाला यातले काहीच कळत नाही, हे सांगताना लेखकाचा स्वर अकारण उंचावतो.

महाडजवळ सावित्रीवर मात्र लेखक पाय ताजे असतानाही उतरतो. १९२८ साली बांधलेला तेथील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या, इतर वाहनांसह, अंधारात नदीत गेल्या. नवा पूल २०१७ च्या जून महिन्यातच वाहतुकीला खुला झाला. त्यावरून चालताना स्थापत्यशास्त्राचे काहीही आठवत नाही; खाली पाणी पाहिले जाते आणि हँडलवरची पकड उगाच घट्ट होते.

पूल पायांनीच ओळखण्याच्या या सवयीमुळे वरळी-वांद्रे सागरी सेतू आणि २०२४ साली खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू यांच्याविषयी लेखकाच्या मनात अढी आहे, कारण या दोहोंवर पादचाऱ्याला आणि सायकलला मज्जाव आहे. सुरक्षेचे कारण पटण्यासारखे आहे. पण पायांना ज्याची थरथर कधी कळायचीच नाही, तो पूल आपला म्हणावा कसा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. अटल सेतूवर परवानगी मिळाली असती तर तो अखंड चालत ओलांडला असता, असे लेखक छातीठोकपणे सांगतो, आणि परवानगी मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तसे सांगण्यात धोका नाही.

वाशिष्ठीच्या पुलावर, पुढच्या कामथे घाटाच्या धास्तीने सायकल ढकलत चाललेल्या लेखकाजवळ एका विशीतल्या मुलीने वेग कमी करून “काका, बरं आहे ना?” असे विचारले असता, “सांधे बघतोय,” असे शास्त्रशुद्ध उत्तर देण्यात आले. “घरी गेलात की बर्फ लावा,” असे म्हणून ती चढाला लागली.