फक्त मुलींसाठी: पाचवीच्या प्रवेशाची पालकपोथी

मुलगी चौथीत गेली की पुण्यातल्या मराठी घरात एक बैठक भरते. मुलीखेरीज सगळे हजर असतात. "मुलामुलींची एकत्र शाळा काय वाईट आहे?" असं विचारणारा एखादा मामा निघतोच, त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवावी. उरलेल्यांचं 'मुलींचीच बरी' यावर एकमत झालं की खरं काम सुरू होतं. ते रीतसर पार पडावं म्हणून हे मार्गदर्शन.

आधी कारण ठरवून घ्यावं. मनातलं कारण आणि चारचौघांत सांगायचं कारण, अशी दोन लागतात. मनातलं कारण म्हणजे 'मुलगे'. ते नेमके कोण, कुठले, याची चौकशी करू नये. आठवी-नववीच्या वयात ते आपोआप उगवतात एवढं गृहीत धरावं. सांगायचं कारण असं: "मुलींच्या शाळेत मुलींना मोकळेपणा मिळतो, नेतृत्वगुण येतात." पंचाईत एवढीच की हे कारण खरं निघण्याचा संभव असतो. त्यासाठी मनाची तयारी ठेवावी.

पुण्यात राहून इतिहास टाळता येत नाही, म्हणून तोही उरकून घ्यावा. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला पाठ असतं. त्यानंतर थेट 1884 वर यावं. त्या वर्षी न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर वगैरे मंडळींनी मुलींचं हायस्कूल सुरू केलं. पेशव्यांचे घोडे जिथे बांधले जात त्या जागेवरून त्याला हुजूरपागा हे नाव पडलं. टिळकांच्या 'केसरी'ने या शाळेवर सडकून टीका केली. मुलींना इंग्रजी अभ्यासक्रम कशाला, अकरा ते पाच त्या शाळेत बसल्या तर घरचं काम केव्हा शिकणार, असा एकंदर सूर. या भागाशी जास्त घुटमळू नये, अवघड होतं. त्या काळी मुलगी हाताबाहेर जाईल म्हणून लोक तिला मुलींच्या शाळेत पाठवत नव्हते. आपण ती हाताबाहेर जाऊ नये म्हणून पाठवायला निघालो आहोत. शिवाय टिळक ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते, त्या सोसायटीनेच 1939 साली अहिल्यादेवी ही मुलींची शाळा काढली. पुण्यात संस्था माणसांपेक्षा जास्त जगतात आणि त्यांची मतंही बदलतात.

माजी विद्यार्थिनींची यादी मात्र वाचून घ्यावी, आणि जरा सावधपणे. हुजूरपागेत ब्रह्मदेशाहून एक सात वर्षांची मुलगी राहायला आणि शिकायला आली होती. चांगल्या घरातली, सुरक्षित वातावरणात ठेवलेली. ती पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट घेऊन आली, नवऱ्याला 'दिनू' अशी हाक मारू लागली आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवू लागली. इरावती कर्वे तिचं नाव. 'युगान्त'मध्ये तिने महाभारतातल्या थोरामोठ्यांचीही गय केली नाही. मुलींच्या शाळेचा परिणाम असाही होऊ शकतो आणि शाळा त्याची जबाबदारी घेत नाही. शान्ता शेळकेही तिथल्याच. म्हणजे कवयित्री होण्याचा धोका वेगळा.

आता प्रत्यक्ष पाहणी. शाळेत गेल्यावर पालकांनी ऑफिसबाहेरचा गुणवत्ता फलक वाचावा, कपाटातल्या ढाली मोजाव्यात आणि "शिस्त कडक आहे ना?" असं विचारावं. उत्तर 'हो' असंच येतं. सेमी-इंग्रजी आहे का, आठवीला पूर्ण संस्कृत मिळतं का, एवढं विचारलं की चौकशी झाली. स्वच्छतागृहाकडे जाऊ नये. गेलं तर दाराला आतून कडी आहे का, नळाला दुपारी पाणी असतं का, वापरलेली पॅड टाकायची सोय आहे का, असले प्रश्न सुचतात आणि ते ऑफिसात विचारायचा धीर बाबांना होत नाही. आईने विचारले तर क्लार्क खिडकीतून वर बघतात. तरीही एखाद्या आईला विचारावेसे वाटलेच तर विचारावेत. ढालींपेक्षा त्या कडीवर मुलीची सहा वर्षं जास्त अवलंबून असतात, असं माझं पोथीबाह्य मत आहे.

मैदान असेल तर मधल्या सुट्टीनंतर जरा रेंगाळून बघावं, पण याचेही धोके आहेत. मिश्र शाळेत कार्यक्रमाआधी बाई वर्गात येऊन म्हणतात, "चार मुलं या रे, बाकं हलवायचीत," आणि मुली रांगोळीला जातात. मुलींच्या शाळेत "चार जणी या गं" म्हणतात आणि दहा जणी धावतात. टेबलावर चढून पंख्याला पताका बांधणारी मुलगी, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडणारी मुलगी, शेवटच्या बाकावर बसून शिट्टी मारणारी मुलगी, खोखोत पडून गुडघा फुटल्यावर 'काही नाही' म्हणणारी मुलगी, हे सगळे हुद्दे तिथे मुलींनाच भरावे लागतात, दुसरं कोणी नसतंच. स्नेहसंमेलनात काजळाच्या मिशा लावलेला शिवाजी आठवीतला असतो आणि अफझलखान नववीतली सगळ्यांत उंच मुलगी. ती खानाचं गडगडाटी हसू घरी आरशासमोर महिनाभर पाठ करते. एकदा तसं हसता आलं की ते विसरत नाही. पुढे लग्नाच्या बोलणीत, बँकेच्या मुलाखतीत ते केव्हाही बाहेर पडू शकतं. मुलगी मृदुभाषी असावी अशी अपेक्षा असेल तर संमेलनाच्या वेळी तिला ताप आला आहे, अशी चिठ्ठी आधीच लिहून ठेवावी.

सुरक्षिततेचा विचार हवाच. शाळेचं गेट, गेटवरचे मामा, रिक्षावाले काका, त्या काकांच्या रिक्षात आणखी किती जणी, सगळं तपासावं. गेटसमोरच्या वडापावच्या गाडीपाशी साडेपाचला सायकली टेकवून उभे असलेले शेजारच्या शाळेतले विद्यार्थी दिसतील. त्यांच्याकडे रोखून पाहावं. ते पांगतात आणि उद्या परत येतात. या सगळ्यावर संध्याकाळी सहा वाजता पाणी पडतं. कारण शाळा सुटल्यावर हीच मुलगी गणिताच्या क्लासला जाते. तिथे एका बाकावर चौघं, दोन मुलगे आणि दोन मुली. तो क्लास आपणच निवडलेला असतो, रिझल्ट चांगला म्हणून, आणि त्याच्या बैठकव्यवस्थेवर आजवर कुठल्याही घरात बैठक भरलेली नाही. संध्याकाळच्या दोन तासांत मुलगे निरुपद्रवी असतात असं काही संशोधन झालं असेल, तर आत्याने ते वाचलेलं असणार.

आत्याचा सल्ला घ्यावाच लागतो, कारण ती त्याच शाळेतली. 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू झालेलं तिचं बोलणं मध्ये तोडू नये. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, हस्त नक्षत्रातला भोंडला, खिरापत ओळखायची चढाओढ, रागावून बोलणाऱ्या पण जीव लावणाऱ्या बाई. हे सगळं सांगताना आत्या एकदम अकरा वर्षांची होते. मग गणिताच्या बाईंनी 'तू इंजिनिअरिंगला जा' असं सांगितलं होतं, हेही ओघात निघतं, आणि आजोबांनी त्यावर काय म्हटलं होतं तेही. इथे चहा पुन्हा गरम करायला ठेवावा आणि विषय प्रवेश अर्जाकडे वळवावा.

अर्ज ओळखीच्या कुणाला तरी सांगून मिळत असेल तर आनंद, नसेल तर रांग. जन्मदाखला, आधार, चौथीची प्रगतिपुस्तिका, शाळा सोडल्याचा दाखला. सगळ्याच्या झेरॉक्स दोन-दोन प्रती. शाळा लक्ष्मी रस्त्यावरची असेल तर त्याच फेरीत साडीचा फॉल-पिकोही होतो, हा फायदा माहितीपत्रकात दिलेला नसतो.

हे सगळं झाल्यावर, फी भरण्याआधी, लोकशाही म्हणून मुलीला विचारावं. ती विचारेल, "शर्वरी कुठल्या शाळेत जाणारे?" हा प्रश्न गैरलागू समजावा. मग ती विचारेल, "तिथे कबड्डी आहे का?" याचं उत्तर आपल्याजवळ नसतं, कारण आपण ढाली मोजल्या, त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. अशा वेळी "असेल की" म्हणावं आणि गणवेशाच्या दुकानात घेऊन जावं. तिथे स्कर्ट एक माप मोठा घ्यावा, दोन वर्षं चालतो. खाली कबड्डीची चड्डी घालता येईल का, असं ती दुकानदारालाच विचारेल, आपल्याला नाही.