घोडेवाल्यांसाठी जीएसटी: इयत्ता पहिली

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा विकायचा असेल, तर त्याचे दात, चाल आणि अंगावरचे भोवरे दाखवण्याआधी त्याचा एचएसएन क्रमांक पाठ करावा. तो ०१०१. गाढव आणि खेचर हेही याच क्रमांकात बसतात, पण त्यांना करमाफी आहे. घोड्याला नाही. खेचर अर्धं घोडंच असतं, मग त्या अर्ध्या भागाचा कर कुठे गेला, असं विचारू नये. पहिलीत प्रश्न विचारायचे नसतात.

जिवंत घोड्यावर १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. पंचकल्याण असो, नुकरा असो की अबलख, दर एकच. देवमण असलेल्या घोड्याची किंमत वाढते, टक्केवारी वाढत नाही. शुभलक्षणांना शासनाने अजून वेगळा स्लॅब दिलेला नाही.

आता तुम्ही व्यापारी आहात का, ते ठरवा. हौसेनं पाळलेली घरची घोडी अडीअडचणीला विकत असाल तर तो धंदा नव्हे. कर नाही, नोंदणी नाही. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या, जिलबी खा, घरी जा. दरवर्षी पाच-दहा जनावरं आणून विकत असाल तर मात्र धंदा. ‘मी शेतकरी आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. शेतकऱ्याला नोंदणीतून सूट आहे ती जमीन कसून काढलेल्या पिकापुरती, आणि शेतात चरला म्हणून घोडा पीक होत नाही.

माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची. शहाद्याचा किंवा दोंडाईच्याचा लहान व्यापारी राज्यातल्या राज्यात विकत असेल तर तो इथंच सुटला. त्यानं पुढचं करमणूक म्हणून वाचावं.

खरा अभ्यासक्रम आहे तो राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून ट्रक भरून येणाऱ्यांसाठी, आणि ही यात्रा रंगते ती त्यांच्याच जनावरांवर. जिथे आपली कायमची जागा नाही अशा राज्यात जाऊन अधूनमधून माल विकणाऱ्याला कायदा ‘प्रासंगिक करपात्र व्यक्ती’ म्हणतो. या व्यक्तीला ४० लाखांची सावली नाही. एकच घोडा विकला तरी नोंदणी. अर्ज धंदा सुरू होण्याच्या निदान पाच दिवस आधी करायचा, नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळते, आणि किती कर होईल याचा अंदाज बांधून ती रक्कम आगाऊ भरायची. जनावरांच्या बाजारात भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. पोर्टलला मात्र तो घोडा ट्रकमधून उतरण्याआधी कळवावा लागतो. टक्काभर कर भरून मोकळं करणारी कंपोझिशन योजना? ती या व्यक्तीला नाही.

थोडा इतिहास, कारण प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो असतो. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर १ एप्रिल २००५ ला आला, १ जुलै २०१७ ला बहुतेक मालावरचा व्हॅट जीएसटीत गेला. कल्पना दोन्हींची एकच: तुम्ही जेवढी किंमत वाढवली तेवढ्यावरच कर. लाखाचा घोडा ५,००० कर देऊन घेतला, १ लाख ३० हजारांना विकून ६,५०० कर वसूल केला, तर सरकारला १,५०० द्यायचे. गणित सुरेख आहे. फक्त घोडा नोंदणीकृत माणसाकडून घेतलेला हवा. गावच्या पैदासकाराकडे नंबरच नसतो. मग खरेदीवरची वजावट शून्य, आणि ६,५०० चे ६,५०० तुमच्या माथी. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला नुसत्या फरकावर कर भरण्याची मुभा आहे. जुनी मोटार त्यात बसते. स्वार बसलेला घोडा ‘वापरलेला’ मानावा का, हे सीएला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. व्हॅट मेला असंही समजू नका. तुमच्या ट्रकच्या डिझेलमध्ये तो धडधाकट आहे आणि त्याची वजावट मिळत नाही.

वाहतूक. ५० हजारांवरचा करपात्र माल मोटारीतून नेताना ई-वे बिल लागतं. राज्यातल्या राज्यात महाराष्ट्राने ही मर्यादा १ लाख ठेवली आहे. बिनमोटारीच्या वाहनाला ई-वे बिल नाही. तेव्हा विकत घेतलेल्या घोड्यावर बसून तापीचा पूल ओलांडलात, तर खालचा घोडा माल आहे की वाहन, याचा निवाडा अधिकाऱ्यावर सोडावा आणि चाल धीमी ठेवावी.

एवढं शिकल्यावर एक गोष्ट लक्षात येते, ती परीक्षेत येत नाही. लहान धंद्याची सगळी सवलत गल्ल्यामागे बसलेल्या माणसासाठी बेतलेली आहे. गल्लाच गावोगाव फिरत असेल तर लहानपण मोजलं जात नाही. हस्तकलेच्या कारागिराला या प्रासंगिक नोंदणीतून उलाढालीच्या मर्यादेपर्यंत सूट दिली आहे, म्हणजे सरकारला ही अडचण कळत नाही असं नाही. तीच सूट यात्रेत जनावरं आणणाऱ्या लहान व्यापाऱ्याला देता येईल. ती मिळेपर्यंत यात्रेच्या दिवसांत कर खात्यानं एक मेज आणि माहीतगार माणूस सारंगखेड्यात बसवावा.

तोवर गृहपाठ. बाहेरच्या राज्यातून येणार असाल तर पॅन घेऊन पाच नव्हे, दहा दिवस आधी अर्ज करा. घोडा विकला गेला नाही तरी विवरणपत्र भरा. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये केंद्राचे आणि राज्याचे मिळून लागतात.