सेल्फ घेत नाही

महाडात राहणाऱ्या माणसाने वॉटर स्कूटर घ्यावी की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी आहे.

माझी बाजू ऐकून तर घ्या. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून धावत खाली येते, महाडच्या आसपास तिला गांधारी आणि काळ येऊन मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीला नेमकी तेव्हाच भरती असली की पुढे वाट न मिळाल्याने हे सगळं पाणी बाजारपेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला ते आमचा जिना चढू लागलं, तेव्हा वरच्या मजल्यावर मेणबत्तीपाशी बसून मी ठरवलं, की पुढल्या वेळी या घरात स्वतःचं वाहन असेल. श्रीवर्धनकडे वापरलेली स्वस्तात मिळाली, विकणारा म्हणाला, सेल्फचा किरकोळ प्रॉब्लेम आहे, आणि मी ती टेम्पोत घालून म्हसळ्यामार्गे आणली, चारजणांकडून अंगणात उतरवून घेतली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही.

भाच्याने विचारलं, "मामा, हिची लाल दोरी कुठाय?" ती दोरी मनगटाला बांधायची असते. आपण पाण्यात पडलो की तिची क्लिप सुटते आणि इंजिन बंद होतं. क्लिप जागेवर नसेल तर मुळात चालूच होत नाही. मी ती चष्म्याची दोरी समजून कपाटात ठेवली होती.

दोरी लावल्यावर प्रगती झाली. आता "टक्" असा आवाज येऊ लागला. टक् म्हणजे बॅटरी, असं शेजारचे अण्णा म्हणाले, म्हणून नवी बॅटरी आणली; टक् म्हणजे रिले, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला, म्हणून मुंबईहून रिले मागवला; मग एक मल्टिमीटर घेतला, बॅटरीला लावला, त्यावर १२.६ व्होल्ट आले, आणि ते मी अण्णांना, दूधवाल्याला व मीटर रीडिंग घ्यायला आलेल्या मुलालाही दाखवले. टक्.

शेवटी पोलादपूरचा वायरिंगवाला बोलावला. कशेडी आणि आंबेनळी घाटांत बंद पडणारे ट्रक हे त्याचं कार्यक्षेत्र. असली वस्तू त्याने पाहिली नव्हती. माझे १२.६ त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, काम नसताना कुणीपण एवढे दाखवतो."

त्याने आधी प्लग काढले. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर इंजिन अडतं, पण प्लग काढल्यावर फिरायला हवं. फिरलं नाही. मग मीटरची एक पिन त्याने बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, दुसरी इंजिनाच्या धातूला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. चार व्होल्ट! मला आनंद झाला. तो म्हणाला, "इथे अर्धासुद्धा दिसायला नको. अर्थ नाही मिळत हिला." बॅटरीकडून इंजिनाला जाणारी काळी जाड वायर त्याने सोलली, तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. इतकी वर्षं खारं पाणी वायरीच्या तोंडातून आत मुरत गेलं होतं, बाहेरून रबर मात्र गुळगुळीत. ट्रकची केबल त्याने निगेटिव्हवरून थेट इंजिनाला लावली, आणि नुसत्या बोटाने इंजिन गरगर फिरलं. नवीन वायर टाकून प्लग बसवल्यावर तर तिने असा आवाज काढला की अण्णा लुंगी सावरत बाहेर आले. मी अजून अ‍ॅक्सिलरेटर देणार, तोच त्याने लाल दोरी ओढली.

"पाण्याबाहेर जास्त वेळ नाही चालवायची. इंजिनाला थंड करणारं पाणी खालून, नदीतूनच येत असणार."

मे महिना होता. पोलादपूरला सावित्रीत घोटाभर पाणी आणि बाकी धोंडे. मी म्हटलं, हरकत नाही, आपण घेतलीय ती पुरासाठी. त्याने खाली वाकून पाणी ओढणारी जाळी पाहिली, तिच्यात दोन बोटं घातली.

"पुरात काय काय येतं काका?"

फांद्या, गाळ, पिशव्या, कुणाची तरी गादी, मी सांगितलं.

"ते सगळं ही इथून आत ओढणार."

हिने त्याला आधी नुसता चहा दिला होता. आता पोहे टाकले.