केळं हिरवं की पिवळं?

शहराचा विकास झाला की नाही, हे ओळखायची हल्ली सोपी खूण आहे. चौकात 'आय लव्ह' लिहिलेलं दिसलं की झाला. पुढे नांदेड असो की लातूर, लाल बदाम तोच, दिवे तेच आणि कंत्राटदारही बहुधा तोच.

गावाची खूण गावाचीच असावी, तर नमुना परदेशात आहे. ऑस्ट्रेलियातल्या कॉफ्स हार्बरला जॉन लँडी नावाच्या गृहस्थाचं हमरस्त्यालगत केळीचं दुकान होतं. गाड्या थांबाव्यात म्हणून त्याने १९६४ साली तेरा मीटर लांबीचं काँक्रीटचं केळं उभं केलं. गाड्या थांबल्या. अजून थांबतात.

हे आमच्या अर्धापूरकरांनी मनावर घ्यायला हरकत नाही. केळीच्या बागा आहेत, बाजूने नागपूरचा रस्ता आहे. अडचण एकच, केळ्याच्या रंगाची. शेतकऱ्याच्या बागेतून घड उतरतो तो हिरवाच. पिवळा होतो तो व्यापाऱ्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, आणि भावही तिथेच पिकतो. शेतकऱ्याच्या सन्मानार्थ उभारायचं तर केळं हिरवंच हवं. पण उद्घाटनाच्या फोटोत पिवळं खुलतं. तोडगा सोपा आहे: बांधाकडची बाजू हिरवी, रस्त्याकडची पिवळी.

शिवाय बायपासचं भय आहेच. ऑस्ट्रेलियातच गोलबर्नला १९८५ साली पंधरा मीटर उंच मेरिनो मेंढा उभारला. १९९२ साली बायपास झाला, गिऱ्हाईक आटलं. २००७ साली त्यांनी अख्खा मेंढाच उचलून नव्या रस्त्याजवळ नेऊन ठेवला. आपल्याकडे बायपास झाला की ढाबा हलतो. पुतळा हलवायचा म्हटलं तर आधी मोर्चा, मग चौकशी समिती.

तशी महाकायाची हौस आपल्याला नवी नाही. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळात क्षेत्रपालाची मूर्ती होती. पन्नास फुटांहून उंच असावी, असा अंदाज आहे. आता तुकडे उरलेत. 'अमक्यांच्या स्थानिक विकास निधीतून' अशी पाटी काही त्यांत सापडलेली नाही. म्हणूनच तिकडे पुढारी फारसे फिरकत नसावेत.

राहिलं लातूर. तुरीचा भला मोठा दाणा बसवावा, तर आठवड्याभरात त्याला शेंदूर लागेल. त्यापेक्षा रेल्वेची वाघीण बरी. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा देशभरचे कॅमेरे लातूर स्टेशनात हजर होते. वाघिणींवर पुढाऱ्यांची पोस्टरं चढली, आणि मग श्रेय कुणाचं यावर वाद. इतकं गाजलेलं आकर्षण जिल्ह्याला पुन्हा लाभलं नाही.

तर अशी एक वाघीण गंजगोलाईजवळ चौथऱ्यावर बसवावी. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात, कुठूनही दिसेल. खाली नळ द्यावा. पण तो रोज सुटणार नाही. आठ-दहा दिवसांनी, तासभर, तोही रात्री. परगावच्या पाहुण्यांनी येताना हंडा आणावा. तिकिटाचे पैसे पाणीपट्टीत वळते करून घेऊ.