श्रीयुत 'रन' यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय श्री. रन,
मु. पो. इंग्रजी भाषा

विषय : आपल्याकडील अतिरिक्त कार्यभाराबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आपण नेमके काम काय करता याचा एकदा लेखी खुलासा व्हावा. शाळेत बाईंनी आपली ओळख 'रन म्हणजे पळणे' अशी करून दिली होती. पुढे कळले की हे फक्त मूळ पद. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाने क्रियापद म्हणून आपले ६४५ अर्थ नोंदले आहेत. ती एक नोंद लावण्यात पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिने गेले. १७५५ साली डॉ. जॉन्सनच्या कोशात 'टेक' १३४ अर्थांवर मिरवत होता. १९८९च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत 'सेट'ची नोंद सर्वांत लांब होती. सेवाज्येष्ठता डावलून आपण दोघांनाही मागे टाकलेत, त्याबद्दल अभिनंदन.

आक्षेप एवढाच, की आपल्या कारभारात पळतो कोण? माणूस तापाने अंथरुणाला खिळलेला असतो, तरी तो ताप 'रन' करतो. दुकानदार गल्ल्यावरून न हलता दुकान 'रन' करतो. फलंदाज चेंडू सीमापार धाडून बॅटवर रेलून उभा राहतो आणि धावफलकावर त्याच्या नावे चार रन लागतात. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेवर 'रन' आला, तेव्हा ठेवीदार पैसे काढून घ्यायला शाखांबाहेर तासन्‌तास रांगेत उभे होते. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो. नजर दोघांची खुर्चीवरच. आणि जो घोडा शर्यतीत जीव तोडून खरोखर पळतो, पण नंबरात येत नाही, त्याची बोळवण 'ऑल्सो रॅन' अशी! हा कुठला न्याय?

त्यात आपले जोडीदार. दूध संपले, 'रन आउट'. फलंदाज धावचीत, 'रन आउट'. वाटेत मित्र भेटला तरी 'रन इन्टू', गाडी खांबावर आदळली तरी 'रन इन्टू'. निरोप आला की चहाला जायचे की दवाखान्यात, ते कळत नाही. 'रन डाउन'मध्ये तर माणूस गाडीखाली येतो, घड्याळाची किल्ली उतरते आणि शेजाऱ्याची निंदानालस्तीही होते.

तरीही खरी तक्रार आपल्याविरुद्ध नाही. ती आमच्या क्लासवाल्यांविरुद्ध आहे. ते पोरांकडून हातभर लांबीचे लॅटिन-ग्रीक शब्द घोकून घेतात. परीक्षा संपली की ते शब्द पेन्शनीत निघतात. इंग्रजीचा रोजचा गाडा मात्र आपण, 'सेट', 'टेक', 'पुट', 'गेट' अशी चार-दोन अक्षरी मंडळी ओढता आणि मुलाखतीत आमचा पोरगा नेमका आपल्यापाशीच अडखळतो.

आपला कार्यभार कमी होणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून विनंती विद्यार्थ्यांनाच : अवघड शब्दांची यादी बाजूला ठेवा, चांगला कोश उघडा आणि या एका शब्दाला एक अख्खी संध्याकाळ द्या. यादीतल्या शंभर शब्दांपेक्षा ती जास्त कामाला येईल.

कळावे,
आपला धापा टाकणारा,
मराठी माध्यमाचा एक विद्यार्थी